राखून ठेवलेली शक्ती

संगणकाच्या पोटात एक घड्याळ असते. ते वेळ सांगत नाही, ठोके देते. स्फटिकाचा एक लहानसा तुकडा विजेच्या स्पर्शाने थरथरू लागतो आणि त्या थरथरीतून एकसारखे ठोके निघत राहतात. प्रत्येक ठोक्याला आतील असंख्य विद्युत-कळा आपापले काम एक पाऊल पुढे नेतात. आपल्या गावांतून पूर्वी चर्चच्या घंटेवर दिवस चालत असे. पहाटेच्या घंटेला चुली पेटत, दुपारच्या घंटेला वाडीत राबणारी माणसे क्षणभर हात थांबवून प्रार्थना म्हणत, सांजेच्या घंटेला मुले घरी परतत. संगणकाचेही तसेच आहे. फरक आहे तो वेगाचा. १९८१ साली आयबीएम कंपनीने जो पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके देत असे. आजच्या साध्या संगणकाचे घड्याळ तेवढ्याच अवधीत तीनशे कोटींहून अधिक ठोके देते.

हा वेग कोण ठरवितो? सामान्य समजूत अशी की यंत्राला जेवढे जमते तेवढा त्याचा वेग. वस्तुस्थिती वेगळी आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक चिप तपासली जाते आणि तपासणीअंती तिच्यावर वेगाचा आकडा छापला जातो. हा आकडा तिच्या ताकदीचा शेवटचा काठ नसतो. उन्हाळ्यातील तापलेली खोली, विजेचा उणा-अधिक दाब, पंख्यावर साठलेली धूळ, पाच-सात वर्षांच्या वापराने येणारा थकवा, या साऱ्यांचा विचार करून कर्ता काठापासून थोडा आत थांबतो. ती मधली जागा म्हणजे त्याने राखून ठेवलेली शक्ती. घड्याळाचे ठोके वाढवून ही राखीव शक्ती रोजच्या कामाला जुंपणे, याला संगणकाच्या व्यवहारात ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात.

हा उद्योग संगणकाइतकाच जुना आहे. १९८४ साली आयबीएमचा एटी नावाचा संगणक आला. त्याचा वेग होता ६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ लाख ठोके. हुशार मंडळींनी आतील १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसविला आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झने धावू लागले. पुढे कंपनीने यंत्राच्या आज्ञावलीतच अशी तपासणी घातली की वेग वाढविलेले यंत्र सुरूच होऊ नये. पुष्कळांच्या आठवणीत असलेला प्रसंग मात्र १९९८ सालचा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेल कंपनीने ‘सेलेरॉन ३०० ए’ ही स्वस्त चिप आणली. तिचे घड्याळ ६६ ऐवजी १०० वर ठेवले की ३०० मेगाहर्ट्झची चिप बहुधा बिनतक्रार ४५० ने चाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी संगणक जुळविणारी एक पिढी त्या काळात घडत होती. दीडपट वेग फुकटात मिळतो, ही वार्ता त्या पिढीला सुवार्तेसारखीच वाटली असल्यास नवल नाही.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र फार नंतर, आणि मुंबईत नव्हे, तर महाड तालुक्यातील तळीये गावाच्या परिसरात.

तळीये हे नाव महाराष्ट्राने २२ जुलै २०२१ रोजी ऐकले. त्या गुरुवारी, दिवसभर कोसळणाऱ्या पावसात, डोंगराचा भाग वस्तीवर आला. तीसहून अधिक घरे आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. त्याच दिवशी सावित्री नदीचे पाणी महाड शहरात शिरले होते, आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पाऊस ओसरल्यावर राज्यभरातून मदत गेली. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनीही भांडी, अंथरुणे, शिधा पाठविला. पुढे कोणीतरी सुचविले, की पोरांच्या शिक्षणाचेही काही पाहिले पाहिजे. महामारीमुळे शाळा दीड-दोन वर्षे बंद-चालू होत्या. घरोघरी पडून असलेले जुने संगणक आम्ही गोळा केले, दुरुस्त केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या भागातील दोन-तीन वाड्यांवर पोहोचविले. विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीत माझे आयुष्य गेले असल्याने ते बसवून देण्याचे काम माझ्याकडे आले.

एका वाडीवर अकरावीत शिकणारा एक मुलगा माझ्या हाताखाली आला. बोलका, तरतरीत, आणि स्क्रू कोणत्या दिशेने फिरवावा हे न सांगता जाणणारा. तेथे आम्ही ठेवलेला संगणक साधारण २००७ सालचा होता, कोणीतरी घरी जुळविलेला. आत इंटेलची ‘कोअर टू ड्युओ’ जातीची चिप, तिचा वेग १.८ गिगाहर्ट्झ. वाडीतील सात-आठ मुले आळीपाळीने त्यावर बसणार होती. यंत्र सुरू होण्यास बराच वेळ घेई. तिसऱ्या दिवशी तो मुलगा मला म्हणाला,

“सर, याचं घड्याळ दोनशेवर आहे. ते दोनशे सहासष्ट केलं की चिप दोन पॉइंट चारवर जाते. मोबाइलवर बघितलंय मी. करू या का?”

त्याचा हिशेब बरोबर होता. दोनशेची नऊपट अठराशे, आणि दोनशे सहासष्टची नऊपट जवळजवळ चोवीसशे. मी त्याला ‘नको’ म्हटले नाही. तरुण मुलाला नुसते नको म्हणणे म्हणजे त्याला ते आपल्या पाठीमागे करावयास सांगणेच होय. मी म्हटले, “करू. पण आधी कागदावर करू.” ओटीवर बसून आम्ही जे गणित मांडले, ते वाचकांपुढे ठेवतो. त्यास आठवीच्या पुढचे शिक्षण लागत नाही.

चिपमधील प्रत्येक कळ म्हणजे एक अतिसूक्ष्म भांडे आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक ठोक्याला यातील काही भांडी विजेने भरतात, काही रिकामी होतात. ठोके वाढले की भरणे-ओतणे तितक्याच पटीने वाढते. म्हणून वेग एक-तृतीयांशाने वाढला, तर विजेचा खर्चही एक-तृतीयांशाने वाढतो. येथवर व्यवहार सरळ आहे.

पण बहुतेक वेळा येथे थांबता येत नाही. पुढचा ठोका पडण्याच्या आत भांडे भरले पाहिजे. ठोके जवळ आले की भांडे अर्धेच भरलेले असताना पुढची घंटा होते. मग बेरीज चुकते, पडदा गोठतो, यंत्र बंद पडते. भांडे लवकर भरावे म्हणून विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावे लागते. आणि दाबाचा हिशेब सरळ पटीत नसतो, तो वर्गाच्या पटीत असतो. दाब दहा टक्क्यांनी वाढला तर खर्च दहाने नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढतो. समजा, चिप १.३ व्होल्टवर ६५ वॅट घेते. वेग १.३३ पट आणि दाब १.१ पट केला की खर्च होतो सुमारे १०५ वॅट. म्हणजे तेहतीस टक्के वेगासाठी साठ टक्क्यांहून अधिक वीज. ती सारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, तीही टपालाच्या तिकिटाहून लहान जागेतून. उष्णता वाढली की त्याच कळा सुस्तावतात, त्या सुस्तावल्या की आणखी दाब द्यावासा वाटतो, आणि दाबाने पुन्हा उष्णता वाढते. कर्जावरील व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या माणसाची गत होते ती हीच.

चिपपर्यंत वीज पोहोचविणारा मदरबोर्डवरील भाग बिचारा कोणाच्या ध्यानातच नसतो. ६५ वॅट १.३ व्होल्टवर द्यावयाचे म्हणजे ५० अँपिअर प्रवाह. १०५ वॅट १.४३ व्होल्टवर द्यावयाचे म्हणजे सुमारे ७३ अँपिअर. तांब्याच्या पट्टीत प्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णताही प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह जवळजवळ दीडपट होतो, तेव्हा त्या पट्ट्यांना आणि जोडांना सोसावी लागणारी उष्णता दुपटीवर जाते. शेजारीच कपॅसिटर नावाचे लहान डबे उभे असतात. आत द्रव असलेल्या या डब्यांबाबत दुरुस्तीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दर दहा अंश तापमानवाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते. जुन्या संगणकात ते आधीच म्हातारे झालेले असतात. डोके फुगलेला कपॅसिटर मी किती बदलले असतील याची गणती नाही.

आणखी एक गोष्ट घडते, जी डोळ्यांना कधीच दिसत नाही. चिपच्या आतील धातूचे मार्ग केसाहून शेकडो पटींनी बारीक असतात. त्यांतून प्रवाह जोराने धावू लागला, की वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणूच हळूहळू पुढे रेटतात. जसा ओढ्याचा लोंढा काठची माती रेटतो. कोठे खळगा पडतो, कोठे ढीग साचतो, आणि एके दिवशी वाट तुटते. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६९ साली याचे सूत्र मांडले. प्रवाहाची दाटी वाढली की आयुष्य साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि तापमान वाढले की त्याहूनही झपाट्याने. वेग वाढविलेले यंत्र त्याच दिवशी मोडत नाही. म्हणून तर माणूस फसतो. ते चालते, चांगले चालते आणि आपली वर्षे आधीच खर्चून बसते.

मुलाने हे सारे वहीत उतरवून घेतले. मग मी त्यास वाडीच्या विजेकडे पाहावयास सांगितले. डोंगरातील वाडी म्हणजे विजेच्या लांबलचक तारेचे शेवटचे टोक. संध्याकाळी सर्वांचे दिवे लागले, की २३० व्होल्टच्या जागी माझ्या मीटरवर १६० दिसत. बल्ब मंद होतो आणि गप्प बसतो. संगणकाचा वीजपुरवठा-संच, ज्यास एसएमपीएस म्हणतात, तो गप्प बसत नाही. आतील यंत्राला ठरलेली शक्ती पुरविणे हे त्याचे ब्रीद असल्याने दाब कमी झाला की तो तारेतून प्रवाह अधिक ओढतो. दोनशे वॅटचा संगणक २३० व्होल्टवर सुमारे ०.८७ अँपिअर घेतो, तर १६० व्होल्टवर १.२५. म्हणजे बाहेरची वीज जेव्हा सर्वांत दुबळी, तेव्हा त्या संचावर ओझे सर्वांत जड. त्यावर वाढीव वेगाचे चाळीस वॅट घालावयाचे काय, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याने तो स्वतःच वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली.

१९९८ च्या त्या गाजलेल्या सेलेरॉनच्या काळातील एक गोष्टही मी त्याला सांगितली, कारण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तेव्हाच्या यंत्रांत मुख्य घड्याळावरूनच इतर भागांचे ठोके भागाकाराने काढीत. ६६ चा अर्धा ३३, १०० चा तिसरा हिस्सा ३३. दोन्ही ठिकाणी हार्ड डिस्कची वाट पाहणाऱ्या शेजारी भागांना त्यांचा नेमका ठोका मिळे. परंतु काहींची चिप १०० वर चालत नसे, म्हणून ते ८३ वर थांबत. ८३ चा अर्धा होतो साडेएकेचाळीस. चिपला काहीच त्रास नसे, ती खुशाल धावे. पण ज्या शेजाऱ्यांनी वेग मागितलेला नव्हता त्यांना पाव पटीने अधिक पळावे लागे. त्यात हार्ड डिस्कवरील माहितीची नासाडी होई. कोणाचे हिशेब, कोणाचे फोटो, कोणाची पत्रे. ज्याने शर्यत लावली तो सुखरूप, आणि भुर्दंड शेजाऱ्याला. कुटुंबात आणि गावातही असे घडताना आपण पाहतोच.

येथे मुलाने मला कोंडीत पकडले. तो म्हणाला, “सर, पण ताकद आहे आणि वापरायचीच नाही, हे पण नुकसानच ना? पडून राहिलेली ताकद काय कामाची?”

हा प्रश्न त्याचा असला तरी आपल्या कानांना तो परिचित आहे. प्रभू येशूने सांगितलेला तालंतांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धनी परगावी जाताना चाकरांच्या हाती आपले धन देतो. दोघे ते व्यापारात घालून दुप्पट करतात; तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. जो आपली सारी शक्ती कामी लावीत नाही तो दोषी, असाच त्याचा अर्थ आपण मुलांना शिकवितो. मग चिपमध्ये राखून ठेवलेली शक्ती म्हणजे जमिनीत पुरलेला तालंतच नव्हे काय? मला चटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर मिळाले ते ओटीच्या दुसऱ्या टोकाकडून. मुलाचे आजोबा दोरी वळीत बसले होते. आमचे बोलणे त्यांना कितपत कळत होते ठाऊक नाही, पण नातवाचा शेवटचा प्रश्न त्यांच्या कानी पडला. हात न थांबविता ते म्हणाले,

“अरे, कनगीतलं बियान्याचं भात पन पडूनच आसतंय. म्हनून त्ये कांडून खात्यात व्हय? घरात दाना नसला तरी बियान्याला हात लावत नाय कोनी. मास्तर, सांगा त्याला.”

मला सांगावयास काही उरलेच नव्हते. कोकणातील भातशेतकऱ्याच्या घरी मृगापर्यंत जपून ठेवलेले बियाणे ही पडून राहिलेली संपत्ती नव्हे. ती पुढच्या वर्षाची भाकरी आहे. आजची भूक कितीही खरी असली तरी ते आजचे नव्हे. दरडीनंतरचा पहिला हंगाम त्या माणसांनी कसा काढला असेल याची कल्पना आपण शहराजवळची माणसे करू शकत नाही. अशा घरात हे वाक्य म्हणजे पाठ केलेली म्हण नव्हती.

रात्री त्याच्यावर विचार करताना जुन्या करारातील एक नियम मला आठवला. लेवीय ग्रंथात इस्राएली लोकांना सांगितले आहे की पीक कापताना शेताच्या कडा कापू नयेत आणि पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचून आपले आणि सासूचे पोट भरते ते याच नियमाच्या आधारे. न कापलेली कड आळशी शेतकऱ्याची खूण नव्हे. ती राखून ठेवलेली आहे, आणि ती कोणाची आहे हे ठरलेले आहे. तालंतांचा दृष्टांत आणि शेताची कड यांत मग विरोध राहत नाही. चाकराच्या हाती दिलेले धन त्याने धोका पत्करून वाढवावयाचे होते. त्याचा जाब त्यालाच द्यावयाचा होता. शेताची कड मात्र आरंभापासून दुसऱ्याच्या वाट्याची. राखून ठेवलेल्या शक्तीला हात घालण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एवढाच: ती बुडाली तर कोणाचे बुडेल?

म्हणून ओव्हरक्लॉकिंग हे पाप आहे असे मी मुळीच म्हणत नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर, मोडले तर आपलेच मोडेल हे जाणून, एखाद्या तरुणाने हा प्रयोग केला तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चिपवरचा आकडा पुसून त्यावर मोठा आकडा छापावयाचा आणि गिऱ्हाइकाला महाग विकावयाची, हा धंदा मात्र नव्वदच्या दशकात जगभरच्या बाजारांत चालला होता. ती निखळ लबाडी. तेथे धोका एकाचा आणि नफा दुसऱ्याचा. आणि सात-आठ मुलांच्या वाट्याला आलेले, ज्याच्या जागी दुसरे मिळण्याची शाश्वती नाही असे एकुलते एक यंत्र? ते बियाणे आहे.

तरीही मी त्या मुलाला प्रयोग करू दिला, कारण कागदावरचे गणित हाताला पटावे लागते. एका संध्याकाळी आम्ही दोनशेचे दोनशे सहासष्ट केले. दाब न वाढविता यंत्र वीसेक मिनिटे चालले आणि गोठले. दाब एक पायरी वाढविल्यावर ते टिकले. मग त्याने मोबाइलचे घड्याळ लावून दोन मापे घेतली. मराठी टंकलेखनाचा कार्यक्रम उघडण्यास पूर्वी ४० सेकंद लागत, आता ३८. आणि वीज गेल्यावर यूपीएसवर संगणकाला जोराचे काम देऊन पाहिले, तो पूर्वी १९ मिनिटे तग धरी, आता १३. त्या भागात वीज जाणे ही रोजचीच बाब. लिहिलेले जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी, आणि अर्धवट राहिलेला अर्ज पुरा करण्यासाठी लहान मुलांना तेवढीच मिनिटे मिळतात. दोन सेकंदांसाठी सहा मिनिटे गेली होती. मुलाने काही न बोलता घड्याळ पुन्हा दोनशेवर आणले.

खरी अडचण चिपमध्ये नव्हतीच. ती बिचारी बराच वेळ रिकामी बसून जुन्या हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत होती. आम्ही पंख्यातील धूळ झाडली, चिप आणि तिच्या उष्णताशोषक पत्र्यामधील वाळलेला लेप खरवडून नवा लावला. तापमान पंधरा अंशांनी उतरले. मेमरी एक गिगाबाइटची चार केली आणि फिरत्या डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसविली. टंकलेखनाचा तोच कार्यक्रम ११ सेकंदांत उघडू लागला. एकालाही ठरलेल्या मर्यादेपलीकडे न पळविता सर्वांचे काम वेगाने होऊ लागले. ज्याच्यामुळे सर्वांना थांबावे लागते तो कोठे अडला आहे हे शोधण्याऐवजी, जो आधीच धावतो आहे त्याला चाबूक मारणे, ही चूक घरातील वडीलधारे, शाळेतील शिक्षक आणि आपण सारेच मुलांच्या बाबतीत किती वेळा करीत असू!

पुढे वाचताना मला आढळले की संगणकाच्या जगालाही शेवटी हाच धडा घ्यावा लागला. इंटेलने घड्याळाचा वेग वाढवीत नेला. पण उष्णता आवरेना. २००४ साली कंपनीने ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियमचा बेत सोडला आणि एकाच चिपमध्ये दोन, पुढे चार गाभे मध्यम वेगाने चालविण्याचा मार्ग धरला. तो मार्ग आपल्या महाराष्ट्राला मात्र आधीच परिचित होता. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. एकाच बलाढ्य चिपला छळण्याऐवजी तेथे ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिपा एकमेकींना जोडून त्यांना काम वाटून दिले होते. प्रत्येकीने आपल्या कुवतीने चालावे, आणि सर्वांनी मिळून मोठे काम उरकावे. एक देह आणि अनेक अवयव ही संत पौलाची शिकवण ज्यांच्या कानी आहे त्यांना यातले मर्म सांगण्याची गरज नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले. मानवी जीवनाच्या व कामाच्या अखंड वाढत्या वेगासाठी त्यांनी त्यात एक खास शब्द योजला आणि निदर्शनास आणले, की सृष्टी ज्या संथ गतीने बदलते तिच्याशी या वेगाचा मेळ बसत नाही. हे आपणास पटते, पण ते कोठेतरी दूर, कारखानदारांसाठी व सरकारांसाठी लिहिले आहे असे आपण धरून चालतो. आपल्या घरातील घड्याळाचे ठोके कोणी वाढविले? सकाळची शिकवणी, शाळा, दुपारची शिकवणी, रविवारी परीक्षेचा सराव, आणि मिस्साला जाण्यास वेळ नाही म्हणून खंत. कमावत्या माणसाच्या दोन नोकऱ्या. आईची झोप पाच तासांची. यंत्रासारखीच माणसेही त्या दिवशी मोडत नाहीत. ती चालतात, चांगली चालतात. राखून ठेवलेले मात्र कोठेतरी संपत असते. आणि कठीण दिवस आला, आजार आला, मरण आले, की त्या दिवसासाठी ठेवलेल्या कणगीत हात घालावा तर तळ लागतो.

तळीयेच्या दुःखाचा दाखला यंत्राच्या गोष्टीसाठी वापरावा, हे मला रुचत नाही; ती दुःखे त्या माणसांची आहेत. एवढेच म्हणेन, की कठीण दिवस खरोखर येतो हे त्या डोंगरात राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. म्हणूनच राखून ठेवण्याचा अर्थ एका दोरी वळणाऱ्या म्हाताऱ्याला एका वाक्यात सांगता आला. देवाने सहा दिवसांच्या श्रमानंतर सातवा दिवस राखून ठेवला, तो उरलेला म्हणून नव्हे. तोही बियाण्याचाच दिवस. या रविवारी घरातील मुलांच्या वेळापत्रकाकडे एकदा सर्वांनी मिळून पाहावे, आणि त्याची एक कड न कापता तशीच सोडावी.